नव्या मुलांना बायोरिअ‍ॅक्टरपाशी नेण्याआधी

पदवी घेऊन औषध कारखान्यात आलेली मुलं पेशींचं शास्त्र घडाघडा सांगतात, पण निर्जंतुक खोलीत हात कसे हलवायचे हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून मी गाउन घालण्यापासूनच सुरुवात करते. गाउन चढवून झाला की हातमोज्यांची बोटं अगार प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक जेलच्या ताटलीवर, टेकवायला लावायची. काही दिवसांनी प्लेटवर जंतूंच्या वसाहती उगवल्या की माझं अर्धं व्याख्यान वाचतं!

मग मीडिया फिल, म्हणजे कुप्या भरण्याची रंगीत तालीम: औषधाऐवजी पोषक माध्यम भरायचं आणि कुप्या 14 दिवस उबवायच्या. एखादी गढूळली, म्हणजे जंतू शिरले, तर कोणाचा हात कुठे गेला ते शोधायचं.

बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे पेशी वाढवायची टाकी, आधी नुसत्या पाण्यावर चालवू द्या. आम्लता मोजणारा पीएच प्रोब 7 आणि 4 च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, त्यांनीच कॅलिब्रेट करावा. नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन खाली आणा आणि गप्प उभे राहा. ऑक्सिजनचा आलेख आधी कोण बघतं, ते मी टिपून ठेवते. गुणपत्रिकेपेक्षा मला ते जास्त सांगतं.

बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या बॅचच्या कामाच्या नोंदींमध्ये, व्हाइटनर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. आणि नोंद काम करतानाच. जेवून आल्यावर आठवून नाही.