बीफ स्ट्यू आणि डम्पलिंग: स्लो कुकरला शिट्टीचा कुकर समजू नका, या चुका टाळा

माझा पहिला बीफ स्ट्यू आम्ही पेल्यातून प्यायलो. मांस मऊ होतं, पण रस्सा म्हणजे हळदीशिवायचं सांबाराचं पाणी, आणि त्यात बुडालेले सहा पांढरे गोळे. नवऱ्याने एक गोळा चमच्याने दाबला, तर तो टुणकन उडून ताटाबाहेर गेला.

आम्ही मडगावला राहतो. वरच्या मजल्यावरच्या आंटींचा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. (इकडची इतकी माणसं तिथे गेली आहेत की ऐकणाऱ्याला स्विंडन म्हणजे वास्कोच्या पुढचं स्टेशन वाटावं.) एका ख्रिसमसला तो आईसाठी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, घेऊन आला. आंटींनी तो खोक्यातून बाहेरही काढला नाही. "आठ तास वीज जाळायची? माझा कुकर चार शिट्ट्यांत काम करतो," म्हणाल्या आणि मला देऊन टाकला. विजेचं म्हणाल तर मधल्या आकाराचा स्लो कुकर २०० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट. मात्र चार शिट्ट्यांची सवय हाताला असली की या भांड्यात सगळंच चुकतं, हे मला पुढचे चार-पाच रविवार कळत गेलं.

डम्पलिंग म्हणजे मोमो नव्हेत, हे आधीच सांगते. आत सारण नसतं. मैद्याचे गोळे रश्श्यावर ठेवून वाफवायचे. आपल्या वरणफळांचा फुगीर इंग्रज चुलतभाऊ समजा.

पाणी

कुकरमध्ये मटण लावताना आपण हात सैल सोडून पाणी घालतो, कारण थोडं वाफेवाटे जातं आणि उरलेलं नंतर आटवता येतं. स्लो कुकरच्या झाकणाला वाफ लागते, तिचं पाणी होतं आणि ते परत खाली पडतं. जवळजवळ काहीच आटत नाही. शिवाय मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळंच. एक किलो मांस, तीन बटाटे, दोन गाजरं, दोन कांदे एवढ्याला दीड कप पाणी किंवा स्टॉक पुरे. सुरुवातीला कोरडं वाटेल, मांसाचे वरचे तुकडे उघडे दिसतील. दिसू देत.

झालाच पातळ तर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवून घाला आणि हायवर (बटणाच्या जास्त आचेवर; कमी आच म्हणजे लो) पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हे डम्पलिंग सोडण्याआधी करायचं. पातळ रश्श्यात ते बुडण्याची भीती जास्त.

महागाचा तुकडा

पहिल्या वेळी मी खाटकाकडे ऐटीत अंडरकट, म्हणजे कमरेजवळचा सगळ्यात मऊ भाग, मागितलं. सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात चांगलं, असा हिशेब. त्या भागात चरबी आणि चिवट पडदे फार कमी, त्यामुळे आठ तासांनी त्याचा भुसा होतो. स्ट्यूला खांद्याचं किंवा नळीजवळचं मांस हवं, ज्यात पांढऱ्या शिरा दिसतात. त्या शिरांमधलं कोलॅजेन साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. रश्श्याने ओठ चिकटतात तो गुण त्याचाच. तुकडे दीड इंचाचे ठेवा, लहान केले तर विरून जातात.

आणि पाच तासांनी मांस चामड्यासारखं लागलं तर "जास्त शिजलं" म्हणून बंद करू नका. ते कमी शिजलेलं असतं. बैलाचं किंवा म्हशीचं जून मांस लोवर नऊ तासही मागतं. बीफ चालत नसेल तर बोकडाचा खांदा हाडासकट घ्या, सहा-सात तासांत होतो.

सगळं एकदम टाकणं

सकाळच्या घाईत कच्चं मांस थेट भांड्यात टाकायचा मोह होतो. मांसाला खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांपुढे, आणि रश्श्यातलं पाणी १०० वरच अडकतं. म्हणून आधी मांस पुसून कोरडं करा, चमचाभर मैदा चोळा, आणि कढईत थोडं थोडं परता. एकदम सगळं घातलं तर पाणी सुटून ते उकडतंच. कढईला चिकटलेली खरवड अर्धा कप पाण्याने सोडवून तीही कुकरात घाला. खरी चव तिथे असते.

पोर्ट वाईन घालायची असेल तर तीही या कढईतच आटवा. झाकणाखाली अल्कोहोल नीट उडत नाही. फेणीचा प्रयोग मी केलेला आहे. तुम्ही करू नका.

बटाटा शिजतच नाही

हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. मांस लोण्यासारखं आणि बटाटा कचकचीत. अर्धा दोष रचनेचा होता. स्लो कुकरमध्ये कंदमुळं मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून बटाटे-गाजरं तळाला आणि कडेला, मांस वर. मी उलटं लावत होते.

उरलेला अर्धा दोष व्हिनेगरचा. गोव्यात राहून माडाच्या सुरेचं व्हिनेगर हात लावल्याशिवाय राहवत नाही, आणि मी ते सुरुवातीलाच घालत होते, वर दोन टोमॅटो. आंबट पाण्यात बटाट्यातलं पेक्टिन (तुकड्याला धरून ठेवणारा चिकट भाग) सैल होत नाही, तुकडा बाहेरून आतपर्यंत करकरीत राहतो. चिंच आधी घातली की डाळ शिजायला रडते, तसंच काहीसं. आता व्हिनेगर शेवटी, डम्पलिंग ठेवायच्या जरा आधी, दोन चमचे. चवही त्याने जास्त ताजी राहते.

झाकण उघडून बघणं

शिट्टी नसल्यामुळे हात शिवशिवतात. पण एकदा झाकण उघडलं की गेलेली ऊष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तीनदा डोकावलात तर जेवण तासभर लांबलं. लो आणि हाय यांतला फरकही इथेच कळतो. शेवटी दोन्ही जवळपास त्याच तापमानाला, उकळीच्या अलीकडे पोचतात. हाय लवकर पोचतो, एवढंच.

डम्पलिंग

एक कप मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, दोन मोठे चमचे फ्रिजमधलं गार लोणी, अर्ध्या कपाला थोडं कमी दूध. यात आपल्या हाताच्या तीन सवयी आड येतात.

एक, मोहन. करंजीला घालतो तसं कडकडीत नको. लोणी गारच ठेवून बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. दुसरी, मळणं. कणकेसारखं तिंबलं की ताटाबाहेर उडणारे गोळे तयार. दूध घालून काट्याने दहा-बारा वेळा फिरवा, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. गोळा चिकट, ओबडधोबड दिसतो, तसाच बरा. तिसरी, पावडर नसली की सोडा टाकणं. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, नाहीतर साबणासारखी चव येते.

पावडर आहे पण जिवंत आहे का, हेही बघा. आमच्याकडे जूनपासून मिठालाही पाणी सुटतं, तिथे उघडं पाकीट काय टिकणार. अर्धा कप गरम पाण्यात चमचाभर टाका. जोरात फसफसली तर वापरा, नुसती विरघळली तर फेका.

गोळे लिंबाएवढे, कारण फुगून जवळजवळ दुप्पट होतात. आधी कुकर अर्धा तास हायवर ठेवा. रश्श्याच्या कडेने बुडबुडे दिसू लागले की गोळे वर ठेवा, मध्ये जागा सोडून. झाकणाखाली स्वच्छ पंचा ताणून लावा आणि त्याची टोकं झाकणावर बांधा, गरम भांड्याला लागता कामा नयेत. हा पंचा नसेल तर झाकणाचं पाणी टपटप पडून डम्पलिंग वरून गिचगिचीत होतात. मग पस्तीस-चाळीस मिनिटं हातही लावायचा नाही. नंतर काडी खुपसून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

वीज

पावसाळ्यात माडाची एक झावळी तारेवर पडली की आमचं दुपारचं सगळं वेळापत्रक कोसळतं. बटण फिरवायचा साधा स्लो कुकर वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतो; डिजिटल बरेचसे बंदच राहतात. घरी असाल तर वेळ न घालवता सगळं पातेल्यात ओतून गॅसवर मंद आचेवर संपवा. बाहेर गेला होता आणि वीज किती वेळ गेली होती ते माहीत नसेल, तर टाकून द्या. जीव तुटतो, पण कोमट मांसात जंतू वाढतात आणि काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्याच कारणाने फ्रीझरमधलं दगड झालेलं मांस थेट घालू नका, आदल्या रात्री फ्रिजमध्ये सोडा. राजमा घालायची हौस असेल तर भिजवून, वेगळ्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळूनच. कच्च्या राजम्यातलं विष स्लो कुकरच्या मंद आचेने मरत नाही.

भांडं इंग्लंडहून आलं असेल तर प्लगचा अडॅप्टर बदलला की झालं, विजेचा दाब आपल्यासारखाच. अमेरिकेहून आलेलं १२० व्होल्टचं असतं, ते थेट लावलं तर धूर. आणि गरम सिरॅमिक भांडं नळाखाली धरू नका. माझ्या भांड्याला असाच गेलेला तडा अजून आहे. आंटी आल्या की मी तो भिंतीकडे करते.

उरलेला स्ट्यू उथळ डब्यांत घालून लवकर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्तच मुरलेला लागतो. डम्पलिंग मात्र रात्रीच संपवा, सकाळपर्यंत ओल्या स्पंजसारखे होतात. सकाळी त्यांची जागा घ्यायला पदेर, म्हणजे आमचा पाववाला, असतोच. सायकलचा पों पों ऐकू आला की चार पोया (गोव्याचे गोल पाव) घ्या.