शहरांच्या आपत्ती-सज्जतेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात कुणी सिव्हिलमधून येतं, कुणी नगररचना, भूगोल, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्यातून. कुठूनही आलात तरी पहिल्या दिवसापासून एक प्रश्न सोबत ठेवा: ही गोष्ट बंद पडली, तर तिच्यामागून आणखी काय काय बंद पडेल?

२०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते. पुराचं पाणी तिथवर पोहोचणं शक्यच नव्हतं. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर बुडालं. माणसांनी जिन्यावरून हातोहात इंधन वर पोहोचवलं, तरी शेवटी रुग्णांना हलवावंच लागलं. कागदावर 'जनरेटर आहे' या रकान्यात टिकमार्क असणारच. म्हणून पाहणीला गेलात की जनरेटर पाहून परत येऊ नका. इंधनाची टाकी कुठे आहे, पंप कुठे, स्विचबोर्ड जमिनीपासून किती उंचीवर, इंधन किती तास पुरेल आणि ते संपल्यावर टँकर कुठल्या रस्त्याने येईल, हे सगळं विचारा. तो रस्ताही पाण्याखाली जात असेल, तर उत्तर अजून मिळालेलं नाही.

पुराचं गणित हाताने करायला शिका. छोट्या क्षेत्रासाठी नेहमीचं सूत्र असं: वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती हिस्सा वाहून जातो तो) गुणिले पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर येतं घनमीटर प्रति सेकंदात. १० हेक्टर परिसर, तासाला ६० मिमी पाऊस. मोकळी जमीन आणि झाडं बरीच असताना गुणांक ०.४ धरला, तर प्रवाह ०.६७. तिथेच इमारती आणि काँक्रीट झालं, गुणांक ०.८ झाला, की १.३३. पाऊस तेवढाच, नालाही तोच, पाणी मात्र दुप्पट. 'यंदा पाऊसच फार झाला' हे स्पष्टीकरण मान्य करण्याआधी हा हिशेब करून पाहा.

नाल्याची क्षमताही नकाशावर दिसते तेवढी नसते. ९०० मिमी व्यासाच्या पाइपात ३०० मिमी गाळ बसला की पाणी वाहण्याची सुमारे २९ टक्के जागा (छेद) गेली. गाळाचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे प्रत्यक्ष वहनक्षमता त्याहून जास्त घटते. पाहणीत तीन जागा आधी गाठा: रस्त्याखालच्या मोऱ्या, नाल्यातून आडव्या गेलेल्या पाण्याच्या लाइनी आणि केबल (कचरा अडकतो तो इथेच), आणि नाला जिथे नदीत किंवा समुद्रात मिळतो ते तोंड. नदीची पातळी किंवा भरती या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं शहरात शिरतं. तिथे हे उलटं पाणी अडवणारी झडप असेल तर ती हाताने हलवून पाहा. गंजून अडकलेली झडप ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि ती दुरुस्त करणं नवा नाला बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

उपग्रहावरून मिळणाऱ्या मोफत उंचीच्या माहितीवर गल्लीचा पूर-नकाशा काढू नका. ३० मीटरच्या चौकटीत काही मीटरची चूक असते आणि आपल्याला शोधायचं असतं गुडघाभर पाणी. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारं सर्वेक्षणाचं उपकरण) लावून उंची मोजा. भिंतींवरच्या पुराच्या खुणा टेपने मोजा. रहिवाशांना 'पाणी किती आलं होतं' असं विचारू नका, 'जिन्याची कितवी पायरी बुडाली' असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे पुढची ९९ वर्षं निवांत, असा अर्थ नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांत निदान एकदा तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी हाच आकडा ७१ टक्क्यांच्या आसपास जातो. लोकप्रतिनिधींसमोर '३० वर्षांत इतके टक्के' या पद्धतीने बोला.

भूकंपाच्या बाबतीत रस्त्यावरून करायची झटपट पाहणी लवकर शिकता येते. तळमजला पार्किंगसाठी मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत दिसली की नोंद करा, कारण हादऱ्यातली सगळी हालचाल त्या भिंती नसलेल्या, कमी ताठर ('मऊ') मजल्यात एकवटते. बांधकाम चालू असेल तर कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी कड्यांचे) हुक पाहा: टोकं १३५ अंशांत आत वळलेली हवीत. ९० अंशांचे हुक वरचं काँक्रीट सुटताच उघडतात. या पाहणीतून फक्त 'आधी कुठली इमारत तपासायची' एवढंच ठरतं. कुठल्याही इमारतीला 'सुरक्षित' असा शेरा त्यावरून देऊ नका.

निवारा केंद्रासाठी स्फिअर मानकं (आपत्तीतल्या मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) पाठच असू द्या: माणशी किमान ३.५ चौरस मीटर, दिवसाला १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय. ७०० चौरस मीटरचा हॉल म्हणजे २०० माणसं, असा भागाकार लगेच केला जातो. त्यातून ये-जा, सामान आणि नोंदणीची जागा वजा करा, दीडशेच्या आसपास थांबा. स्त्रियांसाठी शौचालयं जास्त लागतात आणि वाटेवर दिवा लागतो. तो नसेल तर बायका रात्री पाणी पिणं टाळतात आणि आजारी पडतात.

धोरणाच्या बाजूने सेंडाई आराखडा (आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा) वाचा. तो २०१५ मध्ये संमत झाला, २०३० पर्यंत आहे, चार प्राधान्यं आणि सात उद्दिष्टं. शहराची आपत्ती-सज्जता गुणांनी मोजणारं संयुक्त राष्ट्रांचं स्कोअरकार्डही वापरून पाहा, पण गुण भरायला पाणी, वीज, आरोग्य आणि अग्निशमन या खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवा. एकट्याने भरलेलं स्कोअरकार्ड निरुपयोगी असतं.

रंगीत तालीम आधी जाहीर करून दुपारी घेतली, तर सगळं सुरळीत पार पडतं आणि काहीच कळत नाही. एखादी तरी रात्री दोनला, न सांगता घ्या. रुग्णवाहिका आणि रस्ते यांना हात न लावता फक्त संपर्कसाखळी तपासली तरी चालेल. पहिला फोन किती वाजता लागला, कुणाचा क्रमांक बदललेला निघाला, निवाऱ्याच्या हॉलची किल्ली कुणाकडे होती आणि ती यायला किती मिनिटं लागली, हे घड्याळ लावून लिहा. प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार पदाचं नाव आणि तारीख घाला, आणि पुढची तालीम याच यादीपासून सुरू करा.