चहात आधी काय, मग काय: आलं, गवती चहा आणि गूळ

पावसाळा लागला की भाजीवाल्यांकडे कोथिंबिरीच्या शेजारी गवती चहाच्या जुड्या दिसू लागतात. आलं आणि गवती चहा घातलेला दुधाचा चहा माझा सगळ्यात आवडता. माझं ठाम मत आहे की चहा पुडीमुळे क्वचितच बिघडतो, बहुतेक वेळा जिन्नस चुकीच्या वेळी पडलेले असतात. म्हणून इथे मापापेक्षा क्रमाबद्दल जास्त लिहिते आहे.

दोन मोठ्या कपांसाठी दीड कप पाण्याचं आधण ठेवा. त्यात पहिलं आलं. अर्ध्या इंचाचा तुकडा खलबत्त्यात ठेचून घाला. किसलेल्या आल्याचे बारीक तंतू गाळण्यातून कपात उतरतात. आलं पाण्यातच घालायचं कारण असं, की ओल्या आल्यात जिंजिबेन नावाचं दूध साकळवणारं एन्झाइम असतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. गार दुधात आलं घालून ते हळूहळू तापवलं तर मात्र त्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो. पाहुणे बसलेले असताना एकदा घाईत मी दूध आणि आलं एकत्रच गॅसवर चढवलं होतं. पांच मिनिटांनी पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. तेव्हापासून आलं दोन मिनिटं खळखळा उकळल्याशिवाय मी दुधाला हात लावत नाही.

साखर आता घाला, दोन ते तीन चमचे. मग दोन सपाट चमचे पूड. आपण घरात वापरतो ती दाणेदार पूड म्हणजे सीटीसी. पानं दातेरी रोलरांमधून चिरडून, फाडून तिचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. या पुडीचा रंग आणि कडकपणा पाण्यात झटकन उतरतो, त्यामुळे दोन मिनिटं पुरतात. त्यापुढे उकळत राहिलात तर तुरटपणा वाढतो.

गवती चहाची पाळी पुडीबरोबर. तीन-चार पाती धुवा, एकत्र दुमडून त्यांची सैलसर गाठ मारा आणि ती गाठच पातेल्यात सोडा. पातीची कड बोटाला कापते, जपून. गाठीमुळे पाती बाहेर लोंबत नाहीत आणि गाळताना आडव्या येत नाहीत. हा लिंबासारखा वास सिट्रालचा असतो आणि तो वाफेबरोबर उडून जातो. सुरुवातीपासून उकळलं तर घरभर घमघमाट सुटतो, कपात काही उरत नाही. म्हणून पाती घातल्या की झाकण ठेवा.

शेवटी पाऊण कप दूध, तेही गरम. फ्रिजमधलं गार दूध ओतलं की उकळी बसते, आणि ती परत येईपर्यंत पूड शिजत राहते. दुधातलं प्रथिन पुडीतल्या टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे जिभेवरचा तुरटपणा मऊ होतो. चहा विटकरी दिसायला लागेल, फेस काठापर्यंत चढेल. आच कमी करा, फेस बसू द्या, आणखी एकदा चढू द्या आणि गॅस बंद. एखादी वेलची ठेचून टाका, मिनिटभर झाकून ठेवा, मग गाळा.

गुळाच्या चहाला वेगळी शिस्त लागते. गुळातल्या क्षारांमुळे आणि किंचित आंबटपणामुळे दूध त्याच्याबरोबर उकळलं की फाटू शकतं. आलं-पूड घालून कोरा चहा उकळा, गॅस बंद करून त्यात चिरलेला गूळ विरघळवा आणि गाळा. मग कपात तापवलेलं दूध वरून घाला. एकत्र केल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, आणि राहिलेला चहा नंतर गरमही करायचा नाही. काळपट गुळाला खमंग वास असतो, मला तोच आवडतो.

दार्जिलिंगसारखा पानांचा चहा कोणी भेट दिला तर तो असा उकळू नका. पाणी उकळून उतरवा, त्यात पानं तीन-चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा. दूध नको.

पिताना आमच्या घरी अजून कपबशीच लागते. बशी पसरट असल्यामुळे चहा लगेच निवतो आणि फुरका मारत पिता येतो. वाफेबरोबर वासही थेट नाकाशी येतो. खारी बुडवायची असेल तर मात्र कपातच, आणि लगेच बाहेर काढायची. कडक बटर थोडं जास्त वेळ टिकतं.

बाजारातल्या जुडीत बुंध्यासकट एखादा कोंब मिळाला तर तो फेकू नका. पेलाभर पाण्यात उभा ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. मुळं फुटली की कुंडीत लावा आणि भरपूर ऊन द्या. पाती कापताना बुंध्यापासून चार बोटं वर कापा, म्हणजे त्याच जागी नव्या फुटतात.