अज्ञान मुलाची मिळकत, आजारी माणसाचा अंगठा: पालकत्वाच्या कामात या चुका टाळा

पालकत्वाच्या कामासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक अशील सही झाल्यानंतर येतात. इसार, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे, घेतलेला असतो, त्यातला निम्मा खर्चही झालेला असतो. मग कुणीतरी, बहुतेक वेळा घेणाराला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील, विचारतो की मुलांच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी कुठे आहे. तेव्हा मंडळी धावत येतात: "साहेब, तेवढी परवानगी काढून द्या, मागच्या तारखेची." मागच्या तारखेची परवानगी कुठलंच न्यायालय देत नाही. वर्षानुवर्षं हेच चालू आहे आणि प्रत्येक वेळी नुकसान त्या मुलाचं किंवा त्या आजारी माणसाचं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

"आई आहे ना, मग आईची सही चालते"

ही पहिली चूक आणि सर्वांत महाग पडणारी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे वडील आणि त्यांच्यानंतर आई ही मुलाची नैसर्गिक पालक. वडील हयात असूनही लक्ष घालत नसतील किंवा संपर्कातच नसतील तर आई पालक म्हणून वागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलं आहे. शाळा, पासपोर्ट, दवाखाना, बँकेतलं खातं या सगळ्यासाठी आईला कोर्टात जायची गरज नाही.

जमीन किंवा फ्लॅट आला की चित्र बदलतं. याच कायद्याचं कलम 8 सांगतं की अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर नैसर्गिक पालकालासुद्धा न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. न्यायालय ती दोनच कारणांसाठी देतं: गरज असेल तर, किंवा मुलाचा उघड फायदा असेल तर. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत रद्द करून मागू शकतं. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचा हिस्सा विकत घेणारा पुढची चौदा वर्षं टांगणीला.

"पण दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला की!" नोंदवला असेल. नोंदणी झाली म्हणून पालकाला नसलेला अधिकार मिळत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे "जमीन वडिलोपार्जित आहे, कर्त्याला, म्हणजे कुटुंबप्रमुखाला, परवानगी लागत नाही". एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याला कलम 8 लागू होत नाही, एवढं खरं. पण नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन मृत्युपत्राशिवाय बायको आणि मुलांकडे येते तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असतो. एजंट लोक हा फरक सांगत नाहीत, कारण त्यांना दलालीची घाई असते.

एक प्रकरण सांगतो. नवरा अपघातात गेलेला, रस्त्यालगत त्याने स्वतः घेतलेली दोन एकर. सातबाऱ्यावर बाईंचं नाव, खाली दोन मुलांची नावं आणि पुढे 'अ.पा.क. आई'. हा अज्ञान पालनकर्त्याचा शेरा सरळ दिसत असताना एजंटाने साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून घेतलं. मुदत तीन महिने, इसार पाच लाख. बाईंनी त्यातून सोसायटीचं कर्ज फेडलं, मोठ्या मुलीची फी भरली. एकही रुपया उधळला नाही. त्यानंतर त्या परवानगीचा अर्ज करायला आल्या.

अर्ज दाखल झाला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघाली आणि मुलांच्या चुलत्याने हरकत घेतली. मूल्यांकनाचा अहवाल आला, त्यात जमिनीचा भाव साठेखतातल्या भावापेक्षा चांगलाच वर निघाला. तीन महिने केव्हाच उलटले होते. घेणाराने दुप्पट इसार मागणारी नोटीस पाठवली. न्यायाधीशांनी पहिल्याच सुनावणीत विचारलं, की मुलांच्या हिश्श्याचा इसार कुठे जमा आहे? तो कुठेच जमा नव्हता. शेवटी वाढीव भावाने परवानगी मिळाली, पण खर्च झालेल्या इसारातला मुलांचा वाटा बाईंना आधी स्वतःच्या हिश्श्यातून भरून द्यावा लागला. मुलांची रक्कम ती अठरा वर्षांची होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. बाईंच्या हातात जे उरलं त्यात विहिरीचं कामही झालं नाही.

माझी पद्धत अशी. घेणारा ठरला असेल तर साध्या समजुतीच्या कागदावर भाव लिहा आणि 'न्यायालयाची परवानगी मिळाल्यास व मिळेल तेव्हाच' हे कलम त्यात ठळक घाला. तारखेची मुदत घालू नका. इसार घ्यायचाच तर मुलांचा वाटा त्याच दिवशी त्यांच्या नावाच्या खात्यात भरा. सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल आणि त्या वर्षीचा रेडी रेकनरचा (सरकारी बाजारमूल्य तक्त्याचा) दर अर्जासोबतच जोडा, कोर्टाने मागायची वाट पाहू नका. पैसे कशाला हवेत ते आकड्यांनिशी लिहा: फीची पावती, कर्जाचा उतारा, डॉक्टरांचं अंदाजपत्रक. 'घरखर्चाकरिता' एवढंच लिहिलेला अर्ज मी परत पाठवतो. जमीन जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात जायचं असतं, मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात. थांबायची तयारी नसलेल्या घेणाऱ्याला मी स्वतःच सांगतो की दुसरी जमीन बघा.

आजोबा, काका, मामा

मूल सांभाळणं वेगळं आणि कायद्याने पालक असणं वेगळं. आईवडील दोघंही गेल्यावर काका मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवतो, पण त्याने मुलाच्या जमिनीवर केलेल्या सहीला त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 11 मुळे काडीचीही किंमत नाही. करोनानंतर अशी मुलं फार वाढली. राज्य सरकारने दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी 5 लाखांची मुदत ठेव ठेवली, विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे आले, आणि बँकांनी विचारलं की पालक कोण? नोटरीसमोर शंभराच्या मुद्रांकावर केलेलं 'पालकत्वाचं शपथपत्र' घेऊन लोक फिरत राहिले. ते शपथपत्र शाळेच्या फायलीत लागतं, त्यापुढे त्याचा उपयोग नाही.

पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली रीतसर अर्ज करा. मुलाचं नेहमीचं राहणं जिथे, तिथलं न्यायालय. पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय मुलाच्या देहाचं, म्हणजे ताब्याचं आणि संगोपनाचं, पालकत्व बघतं, मिळकतीच्या पालकत्वासाठी जिल्हा न्यायालयात जावं लागतं. एकाच अर्जात दोन्ही मागितलं आणि सहा महिन्यांनी अर्ज परत आला, असं वारंवार घडतं. जवळच्या सगळ्या नातेवाइकांची नावं अर्जात लिहा, भांडण असलेल्यांचीही. लपवलेला मामा नेमका शेवटच्या तारखेला उभा राहतो. मूल समज येण्याच्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारतात. त्याला पढवून आणू नका, लगेच कळतं.

दवाखान्यात घेतलेला अंगठा

याची मला सर्वांत जास्त चीड आहे. वडिलांना पक्षाघात झाला, आयसीयूत आहेत, बिल रोज वाढतंय, एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. अशा वेळी कुणीतरी शहाणा सुचवतो, "कुलमुखत्यारपत्र करून घे, नोटरीला इथेच बोलावू."

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात थोरल्या मुलाने हेच केलं होतं. हेतू वाईट नव्हता, बिल खरंच भरायचं होतं. बँकेने ते पत्र स्वीकारलं नाही. मग त्याच पत्रावर त्याने वडिलांच्या प्लॉटचं साठेखत केलं आणि इसार घेतला. नाशिकला दिलेल्या बहिणीने दावा लावला. मी तिचं वकीलपत्र घेतलं आणि दवाखान्याचे केसपेपर मागवले. कुलमुखत्यारपत्रावर छापलं होतं: 'मी पूर्ण शुद्धीत असून, वाचून समजून, राजीखुशीने अंगठा करीत आहे.' त्याच दिवशीच्या नर्सिंग चार्टवर दुपारी दोनची नोंद होती: व्हेंटिलेटर चालू, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीचं माप, पूर्ण शुद्धीत 15) 5. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर कोर्टात बोलायला फारसं काही उरलं नाही. साठेखत बुडालं, घेणाऱ्याने पोलिसांत तक्रार केली, आणि वडील अंथरुणावर असताना भाऊबहीण एकमेकांच्या समोर उभी राहिली.

तब्येत चांगली असताना केलेलं अस्सल, नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रही इथे उपयोगाला येत नाही. करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे, पत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की दिलेला अधिकार संपतो. विस्मरणाचा आजार बळावलेल्या आईचं कुलमुखत्यारपत्र वर्षानुवर्षं वापरणारी घरं मला ठाऊक आहेत. भाऊबंदांत वाद नाही तोवर खपतं.

कोमातल्या माणसासाठी पालक नेमायचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला अशीच पालक नेमलं. त्याआधी 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, महसूल अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट, आणि नेमणूक झाल्यावर पालकाने दर सहा महिन्यांनी अहवाल देणं. याचिकेची तयारी दवाखान्यातूनच सुरू करा: मेंदूविकारतज्ज्ञाचं सविस्तर प्रमाणपत्र, मिळकतींची आणि देण्यांची पूर्ण यादी, सगळ्या वारसांची लेखी संमती. संमतीसाठी बहिणींना शेवटी फोन करणारे भाऊ मी खूप पाहिले. त्यांना पहिला फोन करा. निकड असेल तर फक्त दवाखान्याच्या बिलापुरती रक्कम काढायची अंतरिम परवानगी मागता येते.

आईवडिलांना विस्मरणाची नुकती सुरुवात असेल, व्यवहार अजून समजत असेल, तर आजच खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून घ्या आणि मृत्युपत्र नोंदवा, सोबत डॉक्टरांचा दाखला ठेवा. "बघू पुढे" म्हणणाऱ्यांचं पुढे फार खर्चिक होतं.

अठरा पूर्ण झालेलं विशेष मूल

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील समजतात की आपण जन्मभर पालक. अठराव्या वर्षी तो अधिकार संपतो. वडील निवृत्तिवेतनधारक असतील आणि ते गेले, की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी हे उघडं पडतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिच्याकडे अर्ज करा, त्याला वकील लागत नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, हे मात्र लोक साफ विसरतात.

स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार या कायद्यात बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. त्याच्या सहीने फ्लॅट विकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 14 मधलं मर्यादित पालकत्व त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच निर्णय घेण्यासाठी आहे. तुमच्या माणसाला स्वतःचं काही सांगता येत असेल, तर त्याला बाजूला सारून पूर्ण पालकत्व मागू नका. मला ते पटत नाही आणि मी तसा अर्ज लिहीत नाही.

थोडक्यात उरलेलं

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पालकही नव्हे.

विधवा आईने पुनर्विवाह केला म्हणून तिचं नैसर्गिक पालकत्व जात नाही. सासरचे सांगतात म्हणून घाबरू नका.

मुस्लिम कुटुंबात मिळकतीच्या पालकत्वाचे नियम वेगळे आहेत, आईला त्यासाठी सहसा न्यायालयाकडून नेमणूक घ्यावी लागते.

अपघात न्यायाधिकरणाने मुलाच्या नावे ठेवलेली एफडी मोडायला त्याच न्यायाधिकरणाचा हुकूम लागतो. बँक मॅनेजरशी हुज्जत घालून वेळ घालवू नका.

मुलाचे पैसे स्वतःच्या खात्यात 'तात्पुरते' ठेवू नका. वेगळं खातं, वेगळी वही, प्रत्येक पावती. मी अशिलांना साधी दोनशे पानी वही घ्यायला लावतो आणि दर मार्चला ती माझ्यासमोर उघडायला लावतो.

मूल अठराचं झालं की सातबाऱ्यावरचा अ.पा.क. शेरा आपोआप जात नाही. जन्मदाखला आणि आधार घेऊन ई-हक्क पोर्टलवर शेरा कमी करण्याचा अर्ज करा, किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तपासा, कारण शेरा गेला तरी आईचं नाव तसंच राहिल्याचे उतारे मी पाहिले आहेत. मुदत ठेव असेल तर बँकेत सज्ञान झाल्याची नोंद त्याच आठवड्यात करून घ्या, आणि सही मुलाची घ्या.