घोडा ऐकत नाही? आधी या चुका टाळा

नागपूरच्या आसपास शेत असलं आणि घोड्याची हौस असली, की कुणी सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू आणतं, कुणी वरातीतली घोडी विकत घेतं. काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. अडतो, बुजतो, चावतो, तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळला की लाथ उगारतो. मग कुणीतरी सल्ला देतंच, "दे ना चार फटके, बराबर सरळ होते." फटक्यांनी घोडा त्या वेळेपुरता हलतो, पण माणूस जवळ आला की दुखतं हे मात्र कायमचं लक्षात ठेवतो. मूळ तक्रार तशीच राहते.

दुखणं न तपासता शिक्षा करणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो. काल नीट चालणारा घोडा आज अचानक अडला, तर आधी शरीर तपासा. पाठीवरून बोटं दाबत न्या. तो कातडी थरथरवून पाठ खाली घेतो का बघा. खोगिराखाली केस घासलेत का, तंगाच्या जागी जखम आहे का, दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागतात का, खुरात खडा रुतलाय का, हे पाहा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात खुराला चिकटून राहते, त्यामुळे खूर रोज कोरून साफ करायलाच हवेत.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दंश करणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो. ताप येतो-जातो, घोडा खंगतो, पोटाखाली सूज येते, मागचे पाय लटपटतात. अशा घोड्याला कामचुकार ठरवून मारणं हा निव्वळ अन्याय आहे. पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात तरी अंदाजपंचे औषधं देऊ नयेत.

पोटाचंही तसंच. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, म्हणून तासन् तास रिकाम्या पोटी उभा ठेवला की अल्सर होतात आणि तंग आवळताना तो चावायला धावतो. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो, तोही थोडा थोडा, दिवसभर. एकदाच पाटीभर हरभरा घालून हे भागत नाही.

ताण चुकीच्या वेळी सोडणं

दुखणं नाही याची खात्री झाली, की मग शिकवणं. घोड्याला धडा मिळतो तो दाब सुटतो त्या क्षणी. मोरखीला (तोंडावरच्या दोरीच्या साजाला) दोरी लावून त्याच्या खांद्याशी उभे राहा आणि दोन बोटांनी पुढच्या दिशेनं हलका ताण द्या. तो मान लांब करेल, डोकं वर घेईल, कदाचित मागं रेटेल. हात त्याच्यासोबत जाऊ द्या, ताण तेवढाच ठेवा. थोड्या वेळानं त्याचं वजन पुढं येतं, खांदा जरासा झुकतो. पाऊल अजून उचललेलं नसतं. त्याच क्षणी दोरी सैल सोडा आणि दोन श्वास थांबा.

बहुतेक जण नेमकं इथं चुकतात. घोडा यायला लागला की "आला, आला" म्हणत आणखी ओढतात, आणि तो मागं रेटला की घाबरून दोरी सोडतात. रेटलं की सुटका होते, हे त्याला यातून पक्कं कळतं. अडेल म्हणून विकले जाणारे कितीतरी घोडे माणसांनीच असे घडवलेले असतात. टाचेचंही हेच. घोडा चालू लागल्यावरही टाच चालूच ठेवली, तर तिला काही अर्थ उरत नाही.

भीती एका दिवसात काढायला जाणं

वरातीच्या घोडीला "सवय व्हावी" म्हणून थेट डीजेच्या भिंतीजवळ बांधतात. ती आधी धडपडते, नंतर गप्प होते, आणि मालकाला वाटतं जमलं. तिचे डोळे बघा. पापणी लवत नाही, नाकपुड्या ताणलेल्या, शेपूट घट्ट दाबलेली. ती गोठलेली असते, आणि अशी घोडी भर गर्दीत फटाका वाजला की उधळते. तिच्या पाठीवर नवरदेव असतो आणि पायाशी लेकरं.

आवाज ऐकून कान वळतील पण चारा खाणं थांबणार नाही, एवढ्या लांबून सुरुवात करा. मान खाली आली, जबडा सैल झाला, की तिथूनच परत फिरा. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. ताडपत्री, छत्री, फुगे यांचंही असंच, आणि दोन्ही बाजूंनी दाखवा, कारण डावीकडून ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून पुन्हा नवी वाटू शकते. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि पाठीमागचं दिसत नाही. म्हणून हात थेट तोंडासमोर नेऊ नका, खांद्याकडून जा.

रागात, घाईत, उन्हात

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितांची उत्तरं देतो म्हणून गाजला होता. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल पाहून तो टाप थांबवायचा. तुमचा आवळलेला जबडा घोड्याला तुमच्या आधी कळतो. रागात घोड्याला हात लावू नये, हे ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफॉननं सुमारे 2400 वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. डोकं तापलं की दोरी मोतद्दाराकडे (घोडा सांभाळणाऱ्याकडे) द्या आणि बाजूला व्हा.

नवीन धडा 15-20 मिनिटांचा पुरे. जमलं की तिथंच थांबा. दोन वर्षांच्या शिंगरावर कुणालाही बसवू नका, पाठीच्या मणक्यांची वाढ 5-6 वर्षांपर्यंत चालते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काम पहाटेच उरका, पाणी आणि मीठ कायम समोर ठेवा. हातानं गूळ भरवत राहिलं की चावायची खोड लागते, तो घमेल्यात टाका.

घरात तीन माणसं घोडा हाताळत असतील तर "थांब"चा इशारा तिघांचा एकच ठेवा, आणि मोतद्दारालाही तो पहिल्याच दिवशी दाखवून द्या. दोन पायांवर उभा राहणाऱ्या घोड्याशी मात्र एकट्यानं झटू नका. जाणकार बोलवा, आणि तो काम करत असताना स्वतः तिथं उभं राहून बघा.