शॉर्टफिल्म ‘घरगुती’ दिसतेय? कॅमेरा बदलण्याआधी या चुका टाळा

बजेट तुटपुंजं असलं की बहुतेक पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यात जातात आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चित्र जरा दाणेदार असलं तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू आले की तो फिल्म बंद करतो. माझं स्पष्ट मत: फोनवर शूट करा, पण माइक भाड्याने आणा.

माइक बोलणाऱ्यापासून हात-दीड हातावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर हवा. बूमचा दांडा (माइक टांगून नटाजवळ धरायचा लांब दांडा) नसेल तर रंगाऱ्याच्या रोलरचा दांडा चालतो. कॉलर माइक लपवायचा असेल तर सुती कपडा बरा. नायलॉन, रेशीम घासून खरखर करतं. रेकॉर्डिंगची पातळी मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि एडिटिंगमध्येही तो धड सुधारत नाही. टेक सुरू असताना पंखा, फ्रीज बंद. (गाडीची चावी फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते.) प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्या. संवाद कापल्यावर मधल्या फटी त्यानेच बुजवायच्या असतात.

चित्रात पट्ट्या सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला 30 फ्रेम आणि 1/60 सेकंद शटर (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ) यांचा त्याच्याशी मेळ बसत नाही. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकू शकतात, म्हणून आधी चाचणी शॉट घ्या. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), फोकस, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) लॉक करा. नाहीतर पांढऱ्या शर्टातला माणूस फ्रेममधून गेला की अख्खी खोली काळवंडते. फोन फ्रेम रेट मधेच बदलतो, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब टेकमध्ये ओठांपासून सुटत जातो. एडिटिंगआधी फुटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

नटाला पांढऱ्या भिंतीला चिकटवून वर ट्यूब पेटवली की पासपोर्ट फोटो तयार! त्याला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणा, ट्यूब बंद करा, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट. खिडकीच्या निळसर उजेडात पिवळा बल्ब मिसळला तर चेहऱ्याचा रंग एडिटिंगमध्ये रंग दुरुस्त करतानाही सहजी सावरत नाही.

बाकी किरकोळ: उगाच स्लो मोशन, विनाकारण ड्रोन, आठ मिनिटांच्या फिल्मला सुरुवातीलाच मिनिटभर नावं.

संगीताचं मात्र किरकोळ नाही. आवडतं गाणं परवानगीविना वापरलंत तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, आणि अनेक महोत्सव प्रवेशअर्जातच संगीताचे हक्क तुमच्याकडे असल्याचं लिहून घेतात. ओळखीच्या पेटीवाल्याकडून चार सुरावटी वाजवून घ्या, त्याची लेखी संमती ठेवा आणि नाव श्रेयात टाका.