गल्ल्यावरचं बीए आणि वर्गातलं एमए

बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि आमचं कृषी सेवा केंद्र मी सांभाळायला लागले. गाव संगमनेर तालुक्यातलं, कॉलेज अठरा किलोमीटरवर. सकाळच्या एसटीने गेलं की परतायला दुपारचे तीन वाजायचे. पेरणीच्या दिवसांत दुकान तोवर बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून २०१४ साली दूरशिक्षणातून बीएला प्रवेश घेतला, विषय अर्थशास्त्र. पुढे एमए मात्र पुण्याला, सावित्रीबाई फुले विद्यापीठात, रोज वर्गात बसून केलं. त्यामुळे गावातली मुलं-मुली फॉर्म भरायच्या दिवसांत हमखास विचारायला येतात, "ताई, दूरशिक्षण घ्यावं का?"

आधी चांगली बाजू. फी कमी, घर सुटत नाही, काम चालू राहतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच आहे. पुस्तक आणि जगणं एकाच टेबलावर असतं. मागणीचं प्रकरण मी गल्ल्यावर बसून वाचलं. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी महागली की शेतकरी तीनऐवजी दोनच नेतो, उरलेल्या रानात घरचं बियाणं पेरतो. आणि भाव तोच असला तरी पाऊस लांबला की पिशव्यांची थप्पी हलत नाही. असं उदाहरण समोर घडत असताना धडा पाठ करावा लागत नाही.

पण तिथेच माझी मोठी चूक झाली. या दोन्ही गोष्टी मी एकच समजले: मागणी कमी झाली, संपलं. भाव वाढल्यामुळे खरेदी घटते ते मागणीतलं विचलन, तेव्हा आपण त्याच वक्रावर (भाव आणि मागणीचं नातं दाखवणाऱ्या आकृतीतल्या रेषेवर) वर सरकतो. पाऊस लांबल्यामुळे घटते तो मागणीतला बदल, तेव्हा अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. मी दोन्हींची आकृती सारखीच काढत राहिले. परीक्षेतही तशीच काढली, पासही झाले. गुणपत्रिकेत आकडा येतो, पण चूक कुठे झाली ते त्यात नसतं.

पुण्यात पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर बोलावलं. मी आकृती काढली आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "अगं, वक्र सरकेल ना!" तीन वर्षं जपलेली चूक दोन मिनिटांत निघाली. वर्गाचं खरं मोल मला तिथे कळलं. सर उत्तम शिकवायचे हे आहेच, पण आपली चूक कुणाच्या तरी कानावर, नजरेवर पडते, हे जास्त महत्त्वाचं. शिवाय तीन वर्षांत अर्थशास्त्र मी एकदाही मोठ्याने बोलले नव्हते. सेमिनारला उभी राहिले तेव्हा सगळं येत असूनही वाक्य पुरं होईना.

म्हणून दूरशिक्षण घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: त्याच विषयाचा एक तरी सोबती शोधा. फोनवर का होईना, आठवड्यातून एकदा एकाने दुसऱ्याला धडा समजावून सांगायचा. संपर्कसत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावर भरणारे वर्ग, बहुधा शनिवार-रविवारी असतात, ती बुडवू नका. सत्राला जाताना वाचून जा आणि अडलेलं वहीत लिहून न्या. तिथे धडा पहिल्या ओळीपासून शिकवायला वेळच नसतो.

स्वाध्याय हलके घेऊ नका. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बऱ्याच अभ्यासक्रमांत ३० टक्के वजन स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतं. माझा एक स्वाध्याय केंद्रावर जमा करूनही गुणपत्रिकेत गैरहजर लागला होता. दुकान शेजारच्या काकांवर सोपवून तीन खेपा मारल्या. पोच आणि झेरॉक्स जवळ होती म्हणून वर्ष वाचलं. कॉलेजात नोटीस बोर्ड असतो, मित्र असतात, शिपाईमामा असतात. इथे परीक्षा फॉर्मची तारीखसुद्धा तुमची तुम्हालाच शोधावी लागते.

पदवीच्या किमतीबद्दल घाबरू नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून हेच काम करत आहे. मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्येही स्पष्ट केलं आहे. गोम 'मान्यताप्राप्त' या शब्दात आहे. विद्यापीठ खरं असलं तरी तो अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहे का ते स्वतः पाहा. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. आता प्रवेशासाठी डीईबी आयडीही काढावा लागतो. आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी कुणी घरबसल्या देतो म्हणाला, तर तिथून उठून या.

तरीही मनापासून सांगते, अठराव्या वर्षी घरची अडचण नसेल आणि कॉलेज गाठता येत असेल, तर वर्गातच बसा. नुसता कंटाळा आला म्हणून किंवा 'नाहीतरी हजेरी कोण घेतं' म्हणून दूरशिक्षण घेऊ नका. अशांचे विषय राहत जातात हे मी आमच्याच केंद्रावर पाहिलं. पण नोकरी असेल, दुकान असेल, लग्न होऊन शिक्षण सुटलं असेल, तर एक दिवसही थांबू नका. इग्नूत तीन वर्षांची बीए पुरी करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. एखादं वर्ष पेरणीत गेलं तरी नाव जात नाही.

फॉर्म भरायच्या आधी एका रविवारी तुमच्या जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन या. ऑफिसात चौकशी करा, पण आधी बाहेर पायरीवर बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: गेल्या वर्षी सत्रं खरंच किती झाली, आणि पुस्तकं कोणत्या महिन्यात हातात पडली?